मदत हवी आहे: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या हत्यांवरची पुस्तकं कोणती, कोणत्या क्रमाने?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनगटाने यंदा एकच विषय धरून वाचायचं ठरवलंय: पदावर असताना ज्यांची हत्या झाली ते चार अमेरिकी राष्ट्राध्यक्ष. लिंकन, गारफिल्ड, मॅकिन्ली, केनेडी. यादी करायचं काम माझ्याकडे आलंय. अर्धी झाली आहे, दोन ठिकाणी अडलेय, म्हणून हा धागा.

लिंकनसाठी जेम्स स्वॉन्सनचं ‘मॅनहंट’ पक्कं केलंय. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री फोर्ड्स थिएटरमध्ये गोळी झाडून जॉन विल्क्स बूथ पळाला आणि २६ तारखेला व्हर्जिनियातल्या एका कोठारात घेरला गेला. या बारा दिवसांचा पाठलाग आहे. गटातली काही मंडळी इतिहासाची पुस्तकं म्हटलं की मागे सरतात, पण हे त्यांच्याही हातून सुटणार नाही.

गारफिल्डसाठी कँडिस मिलार्डचं ‘डेस्टिनी ऑफ द रिपब्लिक’. हे मी वाचलंय, आणि हा सगळा विषय सुचला तोच मुळी त्यामुळे. २ जुलै १८८१ ला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटोने त्यांच्या पाठीत गोळी घातली. आपल्या प्रचारामुळेच हे निवडून आले, तेव्हा पॅरिसच्या वकिलातीत आपल्याला जागा मिळायलाच हवी, असं या गिटोच्या डोक्यात बसलेलं. गोळी मज्जारज्जूला न लागता गेली होती. पण डॉ. ब्लिस आणि बाकीचे डॉक्टर न धुतलेली बोटं जखमेत घालून ती शोधत राहिले. लिस्टरची जंतुनाशक पद्धत तेव्हा काही नवी राहिली नव्हती, पण अमेरिकेतले कित्येक नामवंत डॉक्टर ती मानतच नव्हते. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल धातू शोधायचं यंत्र घेऊन व्हाइट हाऊसमध्ये आले, तर पलंगाच्या गादीत स्प्रिंगा, आणि ब्लिसने तपासू दिली फक्त उजवी बाजू. शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. तो माणूस ७९ दिवस तापाने आणि पुवाने झिजत गेला. वाचताना संताप संताप होतो.

या ब्लिसना बोलावणं धाडलं होतं रॉबर्ट लिंकन यांनी. अब्राहम लिंकनचे थोरले चिरंजीव, गारफिल्डचे युद्धमंत्री, आणि हल्ला झाला तेव्हा स्टेशनवर हजर. वीस वर्षांनी मॅकिन्लींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हाही ते बफेलोला पोचलेले होते. त्यामुळे पुस्तकं काळाच्या क्रमानेच वाचावीत असं माझं ठाम मत झालंय.

आता अडचणी.

मॅकिन्ली: ६ सप्टेंबर १९०१, बफेलोचं प्रदर्शन. हस्तांदोलनाच्या रांगेत लिऑन चोल्गोश हाताला रुमाल गुंडाळून उभा, रुमालात पिस्तूल. प्रदर्शनातल्याच छोट्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि उजेड पुरेना म्हणून आरशाने ऊन आत पाडावं लागलं. क्ष-किरण यंत्र त्याच प्रदर्शनात मांडलेलं होतं, ते वापरलंच नाही. हे सगळं मला गटापुढे यायला हवंय. स्कॉट मिलरचं ‘द प्रेसिडेंट अँड द असॅसिन’ पाहिलं, पण त्यात क्यूबा आणि फिलिपिन्सच्या युद्धांनी बरीच जागा घेतली आहे. एरिक राउचवेचं ‘मर्डरिंग मॅकिन्ली’ जास्त बरं पडेल का? कुणी दोन्ही वाचली आहेत का?

केनेडी: इथे तर समुद्रच आहे. व्हिन्सेंट बुग्लिओसीचं ‘रिक्लेमिंग हिस्टरी’ दीड हजार पानांच्या वर जातं, गटाला ते झेपणार नाही. केनेडींच्या हत्येची सरकारी चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचा अहवाल ८८८ पानांचा. गांधीहत्येवरचा कपूर आयोगाचा अहवाल चाळला तेव्हापासून मूळ अहवालाशिवाय अशा विषयावर बोलू नये असं मला वाटतं. पण एकच बाजू द्यायची नाहीये. गोळ्या झाडणारा म्हणून पकडलेला ऑस्वाल्ड एकटाच होता म्हणणारं एक आणि शंका घेणारं एक, असं काय घ्यावं? शंका घेणारं पुरावे धरून चालणारं हवं, सनसनाटी नको.

प्रतिसाद १

दोन्ही वाचली आहेत. राउचवे घ्या. लहान आहे, आणि चोल्गोश वेडा होता की अराजकवादी, हा वाद त्यात नीट येतो. मात्र मिलर अगदीच सोडू नका. चोल्गोशबद्दलची प्रकरणं तेवढी एकाने वाचून गटाला सांगावीत. आणि ‘मॅनहंट’च्या जोडीला मायकेल कॉफमनच्या ‘अमेरिकन ब्रूटस’मधला बूथच्या पायाचा भाग ठेवा. पाय रंगमंचावर उडी मारताना मोडला असं आपण धरून चालतो. कॉफमन म्हणतात, तो नंतर घोडा पडल्यामुळे मोडला. गटात तासभर वाद रंगेल.

प्रतिसाद २

बुग्लिओसींच्या त्या ठोकळ्याचा पहिला भाग ‘फोर डेज इन नोव्हेंबर’ नावाने वेगळा निघाला आहे. नुसत्या चार दिवसांची हकिगत. तो घ्या. शंकेच्या बाजूला कुठल्या लेखकापेक्षा, या हत्येची पुन्हा चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या समितीचा १९७९ चा अहवाल द्या. ऑस्वाल्डच्या तीन गोळ्यांखेरीज दुसऱ्या कुणाच्या चौथ्या गोळीच्या खुणा पोलिसांच्या रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणात सापडतात, या आधारावर बहुधा कट असावा असं समितीने म्हटलं होतं. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तो आधार खोडून काढला. हे दोन्ही लागोपाठ वाचायला हवं. वॉरन आणि १९७९ चे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चौथी गोळी आणि तिचं खंडन ही जोडी मला सुचलीच नसती. मग क्रम असा ठरवते: ‘मॅनहंट’ (सोबत कॉफमनचा पायाचा भाग), मिलार्ड, राउचवे, ‘फोर डेज’ आणि शेवटी अहवाल, माणशी एकेक प्रकरण वाटून. आता एकच राहिलं: राउचवेचं पुस्तक पुण्यात कुठल्या वाचनालयात पाहिलंय का कुणी?