महापौरपद ही आमदारकीची पायरी?

भाऊ, नागपूरचा महापौर झाला की आमदारकी पक्की, हे तुमचं म्हणणं फडणवीसांपुरतं खरं आहे. 1997 मध्ये महापौर, 1999 मध्ये पश्चिम नागपूरचे आमदार. अनिल सोले महापौर होते आणि 2014 मध्ये गडकरींच्या जागी पदवीधर मतदारसंघातून (जिथे फक्त नोंदणी केलेले पदवीधर मत देतात) विधान परिषदेवर गेले, तेही बरोबर.

पण 2020 विसरू नका. भाजपने सोलेंना थांबवून तेव्हाचे महापौर संदीप जोशींना उभं केलं. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, आणि केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या स्केचपेनने पहिल्या पसंतीच्या उमेदवाराच्या नावासमोर 1 आकडा लिहायचा. ती पेन हातात धरलेली मला अजून आठवते. निकालात काँग्रेसचे अभिजित वंजारी जिंकले आणि भाजपचा कित्येक वर्षांचा गड गेला.

माझ्या मते खरी अडचण मतदारसंघाची होती. महापौर ओळखीचा असतो तो नागपुरात. या मतदारसंघात वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीही येतात. गडचिरोलीच्या पदवीधराला आपल्या महापौराचं काय? शिवाय मनपात कारभाराचे खरे अधिकार आयुक्तांकडे, त्यामुळे काम दाखवायचं म्हटलं तरी महापौराचे हात बांधलेले. जोशी पुढे 2025 मध्ये परिषदेवर गेले, पण ती जागा विधानसभेच्या आमदारांनी निवडायची होती, तेव्हा पदवीधरांच्या मतांचा प्रश्नच नव्हता.