‘ड्यूक ऑफ पर्थ’ : कोपऱ्यांनंतरच्या रीलमध्ये मुले एकमेकांवर आदळतात

प्रश्न (शिक्षिका, वर्धा जिल्हा)
नमस्कार. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सातवीच्या मुलांकडून ‘ड्यूक ऑफ पर्थ’ हे स्कॉटिश सामूहिक नृत्य बसवून घेत आहे. पटांगणावर फक्कीने जागा आखून दिल्या आहेत, आणि मुले-मुली एकमेकांचा हात धरायला लाजतात म्हणून सध्या मधे रुमाल चालवून घेते. मुलग्यांची आणि मुलींची रांग समोरासमोर असते. पहिली जोडी कोपऱ्यांसमोर (म्हणजे तिरप्या समोर उभ्या असलेल्यांसमोर) पावले टाकून त्यांना दोन्ही हातांनी फिरवते, तिथपर्यंत म्हणजे 24 बारपर्यंत (बार म्हणजे संगीताचे एक माप) सारे निभते. मात्र तिघांची रील (इंग्रजी आठच्या आकड्यात एकमेकांना ओलांडत नाचणे) सुरू होताच पहिला मुलगा स्वतःच्याच रांगेकडे धावतो आणि तिथल्या मुलावर आदळतो. लेखी सूचनेत ‘विरुद्ध बाजूला, पहिल्या कोपऱ्याला डावा खांदा’ एवढेच आहे. तिथे पोहोचायला वेळ कुठून काढावा?

उत्तर (अमरावती जिल्हा, ग्लासगोला शिकत असताना तिथे नाचत असे)
ताई, वेळ काढावा लागतच नाही, कारण मुलगा आधीपासून त्याच बाजूला असतो. मुलग्यांच्या रांगेचा डावा खांदा वाद्यांकडे असतो, आणि पहिली जोडी दुसऱ्या जागेवर उतरली की समोर पाहताना ज्याच्या-त्याच्या उजवीकडे तिरपा उभा असलेला तो पहिला कोपरा, डावीकडचा दुसरा. म्हणजे पहिल्या मुलाचा पहिला कोपरा तिसरी मुलगी आणि दुसरा कोपरा दुसरी मुलगी. दोघीही मुलींच्याच रांगेतल्या. ज्या दोघींसमोर त्याने आत्ताच पावले टाकली, त्यांच्याशीच त्याची रील आहे, नवे कोणी शोधायचे नाही. पहिल्या मुलीचे कोपरे तसेच मुलग्यांच्या रांगेत असतात.

गडबड बहुधा 23 आणि 24 या बारमध्ये होते. पहिल्या कोपऱ्याला फिरवून झाल्यावर जोडी मध्यभागी पाठीला पाठ लावून थांबते, ती सवय मुले दुसऱ्या कोपऱ्यालाही लावतात. तिथे थांबू नये. दुसऱ्या कोपऱ्याचे हात सोडता सोडता नजर पहिल्या कोपऱ्याकडे वळावी आणि त्याच ओघात त्याला डावा खांदा देऊन पुढे जावे. त्यानंतर वळून येताना दुसऱ्या कोपऱ्यालाही डावाच. ग्लासगोमध्ये 1923 साली या नृत्यप्रकारासाठी संस्था स्थापन झाली, तिच्या परंपरेत पावलांइतकाच भर अशा जोडांवर दिला जातो, असा माझा अनुभव आहे.

उत्तर (गोफ शिकवणारा, यवतमाळ जिल्हा)
मला स्कॉटलंडचे काही ठाऊक नाही, परंतु वरचे वाचून हा गोफच वाटला. आमच्याकडे वर टांगलेल्या कडीपासून सुटलेल्या पट्ट्या धरून निम्मी मुले सुलट आणि निम्मी उलट फिरतात, आणि समोर येणाऱ्याला एकदा आतून, एकदा बाहेरून ओलांडतात. खांदा चुकला की वर वेणीत गाठ दिसते आणि सोडवताना ती कोणाची हे लपत नाही. तुमच्या नाचात चुकीची खूण मागे राहत नाही, म्हणून मुलांना ती कळत नसावी. तिघांना जमिनीवर फक्कीने आखलेल्या इंग्रजी आठच्या आकड्यावर, वाद्याविना, नुसते चालायला लावा. आणि कोपऱ्यावरची मुले उभी राहून गंमत पाहत नाहीत ना, तेही पाहा. आठच्या आकड्यावर एक जण जरी थांबला, तरी दुसऱ्याची वाट अडते.

प्रश्नकर्ती
सर, अगदी तसेच होत होते. कोपऱ्यावरच्या दोघी जागेवरच उभ्या होत्या. आज फक्कीच्या आकड्यावर चालल्यानंतर टक्कर एकदाच झाली, तीही कापूस वेचणीमुळे चार दिवस गैरहजर असलेल्या मुलामुळे. आता अडचण शेवटी आहे : आठ बार संपतात तेव्हा पहिली जोडी विरुद्ध बाजूलाच राहते.

उत्तर (अमरावती जिल्हा)
रीलला पूर्ण 8 बार धरू नका. ती 6 बारमध्ये आटोपायची, आणि उरलेल्या 2 बारमध्ये पहिल्या जोडीने उजवा हात देऊन एकमेकांना ओलांडून आपापल्या बाजूला, दुसऱ्या जागेवर यायचे. कोपऱ्यांनी मात्र घाई न करता आठही बार पुरवावेत. मोजणी मोठ्याने करून घ्या आणि ‘सहा’ या आकड्यावर टाळी द्या.