'कामास आले' : रणातल्या मरणाचे शब्द आणि त्यांतला हुकूम

प्रश्न : बखरी वाचताना 'अमके सरदार कामास आले' असं पुन्हा पुन्हा येतं. अर्थ 'लढाईत मेले' हे संदर्भावरून कळतं. पण माणसाच्या मरणाला हा शब्द कोरडा, हिशेबी वाटत नाही का? की त्या काळी तो गौरवाचाच होता? 'धारातीर्थी पडणे' याहून त्यात वेगळं काय आहे?

उत्तर : गौरवाचाच. चाकरीत असलेल्याचं 'काम' म्हणजे धन्याचं काम, आणि ते करताना देह पडला की माणूस 'कामास आला'. देह वाया गेला नाही, ज्यासाठी वाहिला होता त्यासाठीच लागला, असा भाव. आजारपणाने मेलेल्याला हा शब्द लागत नाही. कोरडेपणा जाणवतो तो आजच्या वापरामुळे : 'साठवलेले पैसे कामी आले', 'ओळख कामी आली'. तरीही तुमची शंका मला पुरती खोडून काढावीशी वाटत नाही. या वाक्यात कर्ता शिपाई आहे, काम मात्र दुसऱ्याचं आहे. शौर्य आणि आज्ञापालन एकाच क्रियापदात बसलं, आणि हुकूम देणारा वाक्याबाहेर राहिला.

'धारातीर्थ' याहून पुढे जातो. संस्कृतात 'धारा' म्हणजे पाण्याची धार आणि शस्त्राचीही. मराठीतल्या 'धार' शब्दाने दोन्ही अर्थ जपले आहेत. त्या जोरावर तलवारीच्या पात्याचं तीर्थ झालं आणि तिथलं पडणं पवित्र झालं. तीर्थाला माणूस आपल्या श्रद्धेने जातो, त्याला कोणी धाडत नाही. 'कामास आला' म्हटलं की धनी पुसट का होईना दिसतो, इथे तोही दिसत नाही. (हा शब्द 'धारातिर्थी' असा छापलेला पुष्कळदा दिसतो. 'ती' दीर्घच हवी.)

दुसरं उत्तर : यात 'विडा उचलणे' जोडायला हवा. दरबारात तबकात विडा ठेवायचा, कामगिरी सांगायची, आणि ज्याची छाती असेल त्याने तो उचलायचा. हुकूम आहेच, पण तो पाळणाऱ्याने आपणहून मागून घेतल्यासारखा दिसतो. अफझलखानाच्या पोवाड्यात विजापूरच्या दरबारात खान असाच पैजेचा विडा घेतो. शाहिराने शत्रूलाही ती ऐट नाकारली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र विडा सरदारापुरता. त्याच्यामागून हजारो चालू लागतात ते विड्याशिवाय.

हुकूम उघड दिसतो तो 'शिरसावंद्य' या शब्दात. 'शिरसा' ही संस्कृत तृतीया, म्हणजे 'मस्तकाने'. आज्ञा मस्तकाने वंदन करण्याजोगी. मग तेच मस्तक लढाईत 'तळहातावर' येतं : शिर तळहातावर घेऊन लढणं. आधी वाकवायचं आणि मग वाहायचं, दोन्ही एकाच अवयवावर.

'पराक्रमाची शर्थ' आपण सहज म्हणतो. 'शर्थ' अरबी 'शर्त'वरून आलेला, मूळ अर्थ अट. 'शिकस्त' फारसी, मूळ अर्थ मोडणं, हार. मराठीत दोघांचाही अर्थ कमाल असा झाला. फारसीत हरणं सांगणाऱ्या शब्दाने मराठीत हार न मानता शेवटपर्यंत झटणं सांगावं, हे वळण मला विलक्षण वाटतं. मोडेपर्यंत लढला, मग तो जिंकला की हरला हे शब्द विचारतच नाही.

प्रश्न : मग नेसरीच्या सात स्वारांना कुसुमाग्रजांच्या 'वेडात मराठे वीर दौडले सात' या कवितेने 'वेड' का दिलं? तिथे तर महाराजांच्या आज्ञेचा संबंध होता.

उत्तर : म्हणूनच 'शर्थ' किंवा 'शिरसावंद्य' तिथे बसत नाहीत. सेनापती प्रतापराव गुजरांनी विजापूरचा सरदार बहलोलखान हाती आलेला असताना त्याला सोडलं, त्याबद्दल महाराजांचा बोल लागला. खानाचा मोड करावा अशी आज्ञा होती, सात जणांनी फौजेवर चालून जावं अशी नव्हती. 24 फेब्रुवारी 1674 ला जे घडलं ते आज्ञेच्याही पलीकडचं होतं. त्याला 'वेड'च हवं. मराठीत वेड ही नुसती निंदा नाही, गाण्याचंही वेड असतं. पण बोल लागला होता तो सेनापतीला. बाकीचे सहा जण त्याने घोडा घातला म्हणून मागे गेले. 'वेड' सातही जणांना सारखंच लागतं, आणि त्या सहांची निष्ठा त्यात झाकली जाते.

खरा हिशेबी शब्द पाहायचा असेल तर पानिपताची बातमी सांगणारा तो सांकेतिक मजकूर आठवा. 14 जानेवारी 1761 च्या लढाईनंतर पेशव्यांना कळलं ते असं : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे शिपाई. क्रियापदं पाहा : मोती गळतात, अश्रूंसारखे, मोहरा हरवतात, खुर्दा नुसता जातो. सावकारी भाषेत लिहिलेल्या मजकुरातही मोजदाद झाली ती मोत्यांची आणि मोहरांची.

तेव्हा साध्या शिपायाबद्दल लिहिताना मी 'कामास आला' हाच शब्द निवडेन. त्यात तो निदान वाक्याचा कर्ता आहे.