दिवाळी पहाट साडेपाचला की सहाला?

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

सेक्रेटरी (बी-३०३): नमस्कार मंडळी. परवा कोजागिरीला गच्चीवर ठरलं त्याप्रमाणे यंदा दिवाळी पहाट सोसायटीतच करतोय. सोमवार २० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी. पहाटे ५.३० ते ७.३०, ए आणि बी विंगच्या मधल्या जागेत. स्पीकरवाल्याशी बोलणं झालंय. कुणाला काही म्हणायचं असेल तर आजच म्हणा, त्या दिवशी खुर्च्या मांडताना नको.

ए-१०४: 👍👍

बी-२०२: मस्त! निवेदन मी करतो.

सी-४०१: साडेपाचला स्पीकर लावता येणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत चालतो.

बी-२०२: काका, वर्षातून एकदा तर दिवाळी येते. सणासुदीला सरकार सूट देतं की.

सी-४०१: देतं ना. रात्री १० ते १२ ची, आणि तीही वर्षातून फार तर १५ दिवस. पहाटेची सूट कुठेच लिहिलेली नाही.

ए-२०३: बरोबर आहे काकांचं.

ए-२०३: म्हणजे तत्त्वतः. मला कार्यक्रम हवाय.

बी-५०२: आमचं बाळ दोन महिन्यांचं आहे. रात्रभर जागून पाचला झोपतं. एवढंच सांगायचं होतं 🙏

बी-१०१: मग सोसायटी ऑफिसात करा. ती बंदिस्त जागाच झाली.

सेक्रेटरी (बी-३०३): ऑफिसात १२ खुर्च्या मावतात. त्यातल्या दोनांवर ऑडिटच्या फायली बसल्यात.

ए-४०३: मुळात साडेपाचला येणार कोण? सातला सगळी पोरं नटूनथटून फडके रोडला पळणार. माझी मुलगी तर आत्ताच साडी ठरवून बसलीये. डोंबिवलीत राहून नरक चतुर्दशीला फडके रोड चुकवायचा म्हणजे पापच की.

ए-१०४: आमचं लग्न त्याच रोडमुळे जमलं 😄

ए-४०३: माहितीये वहिनी, दर दिवाळीला सांगता.

बी-२०१: आमच्या फोंड्याला हे सगळं उलटंच. रात्रभर नरकासुर मिरवायचा, पहाटे जाळायचा, मग अंघोळ आणि फोव, म्हणजे पोहे, खायला बसायचं. दुधातले, ताकातले, गुळाचे. चकली-लाडू नंतर. फराळाला फोव ठेवणार असाल तर सांगा, मी करते.

बी-१०१: ताई, गोड फोव नक्की. नरकासुर नको, पार्किंगमध्ये गाड्या आहेत.

ए-३०१: (आजींच्या वतीने नातू टाइप करतोय) साडेपाच कशाला हवेत? अंघोळ कधी करायची माणसांनी? २० तारखेला आपल्याकडे सूर्य साडेसहा वाजून गेल्यावर उगवतो. सहाला बसलो तरी अर्धा तास अंधारातच आहोत. तेवढ्या वेळात ललित होतो. तो उजाडायच्या आधीच गायचा राग आहे, पंचम वर्ज्य, दोन्ही मध्यम. फटफटलं की भटियार. मग तुमची नाट्यगीतं, अभंग काय ते, आणि भैरवी. आणि स्पीकर हवा कशाला? दोन्ही विंगच्या भिंती समोरासमोर आहेत, तिथे खाली कुणी भांडलं तरी मला तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द कळतो. मी तीस वर्षं क्लास घेतले, माइक कधी लागला नाही.

ए-२०३: खाली कोण भांडलं होतं 👀

ए-३०१: ते नातवाला टाइप करायला नको.

सी-४०१: आजी, माइक नसेल तर साडेपाचलाही माझी हरकत नाही.

ए-३०१: पण माझी आहे. साडेपाचला माझ्या अंगाला उटणं असेल.

बी-२०२: माइकशिवाय निवेदन कसं करणार? मी संहिता लिहून तयार आहे. ११ पानं झालीत.

सेक्रेटरी (बी-३०३): ११ पानांची २ करा. मग माइक लागणार नाही.

बी-५०२: विनामाइक असेल तर बाळाला घेऊन मीच खाली येते. झोपलं तर झोपलं.

सी-२०२: विषय बदलतेय, सॉरी. मुलांना किल्ल्यासाठी जागा हवी आहे आणि ती आत्ता हवी आहे. गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री माती आणली, हळीव पेरलं, ते उगवलं भाऊबीजेला. यंदा वसुबारस १७ ची आहे. या शनिवार-रविवारी किल्ला उभा राहिला तरच दिवाळीत हिरवा दिसेल.

बी-१०१: सी विंगच्या पायरीशी जागा आहे की.

सी-२०२: तिथेच गेल्या वर्षी स्कूटर रिव्हर्स घेताना आख्खा बालेकिल्ला गेला. कुणाची स्कूटर ते इथे लिहीत नाही.

बी-१०१: चुकून झालं हो.

सी-२०२: तर यंदा मुलं तमिळनाडूतला जिंजी करणार आहेत. जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातला महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. रायगड, प्रतापगड दरवर्षी होतात, म्हणून मुलांनीच निवडला. अडचण एकच, जिंजी तीन टेकड्यांवर आहे. राजगिरी, कृष्णगिरी आणि चांद्रायणदुर्ग, तिन्ही तटबंदीने जोडलेल्या. म्हणजे नेहमीच्या तिप्पट जागा, तिप्पट माती. पाटीभर मातीत भागणार नाही.

सी-४०१: चांगली निवड. राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोचले. औरंगजेबाच्या सरदाराला, झुल्फिकारखानाला, तो किल्ला घ्यायला आठ वर्षं लागली, आणि महाराज तोवर निसटलेही होते. मुलांना म्हणावं, वेढाही दाखवा. शत्रूच्या छावणीची चित्रं बाजारात मिळत नाहीत, मावळ्यांनाच हिरवा रंग द्यावा लागेल.

सी-२०२: मावळ्यांना? माझा मुलगा रडेल काका.

ए-२०३: माती मी आणतो. टेरेसवर कुंड्यांची दोन पोती पडून आहेत.

सेक्रेटरी (बी-३०३): जागा: गेटच्या उजवीकडे, तुळशीच्या कट्ट्याला लागून. तिथे गाडी येत नाही. बी-१०१ ची स्कूटरसुद्धा येऊ शकत नाही, मी मोजून आलो.

सी-२०२: 🙏🙏 बघायला १९ ला संध्याकाळी या सगळे. धनत्रयोदशी शनिवारी, नरक चतुर्दशी सोमवारी, मधला रविवार मोकळाच आहे. बक्षीसबिक्षीस नको, गेल्या वर्षी परीक्षकाशी आया तीन महिने बोलत नव्हत्या.

ए-४०३: दोन महिने.

बी-१०१: पंपाचं काय? सहाला कार्यक्रम म्हणजे सगळी सोसायटी साडेचार ते साडेपाचमध्ये अंघोळीला. गेल्या वर्षी माझ्या अंगाला साबण आणि नळाला फक्त हवा. कारीट फोडून तसाच बसलो होतो.

ए-१०४: 😂😂😂

सेक्रेटरी (बी-३०३): रात्री झोपायच्या आधी वरच्या टाक्या भरून ठेवायच्या, पहाटे ४ ला पंप पुन्हा सुरू. वॉचमनशी बोलतो. त्यालाही खाली फराळाला बसवायचं आहे, ताट नेऊन केबिनमध्ये देऊ नका.

बी-२०२: वर्गणी किती?

सेक्रेटरी (बी-३०३): स्पीकर रद्द केला, मंडप नाही. राहिला चहा आणि दूध. घरटी ५० रुपये. फराळ प्रत्येकाने आपापल्या घरचा आणायचा, एकच पदार्थ पण पुरेसा. कोण काय आणणार ते इथेच लिहा, नाहीतर २६ घरांतून चिवडा येईल.

ए-२०३: आम्ही चिवडा.

ए-४०३: चिवडा.

बी-५०२: विकतच्या चकल्या चालतील का? खरं सांगते, वेळ नाही.

ए-१०४: बाळ आण फक्त गं. चकल्या मी दोन घरांच्या करते.

सेक्रेटरी (बी-३०३): फायनल: सोमवार २०, सकाळी ६, विनामाइक. पेटी आजींची. तबल्याला सी-१०३ चा मुलगा, त्याला परीक्षेमुळे फक्त तासभर जमेल. आजी, आणखी काही लागेल?

ए-३०१: तानपुरा मोबाइलवरचा चालेल, पण तो फोन कुणाचा ते ठरवा, मध्येच कुणाचा कॉल यायला नको. आणि किल्ला बघायला १९ ला उतरणारच आहे, तेव्हा खाली बसून एकदा षड्ज लावून बघेन, गेटपर्यंत ऐकू येतो का. खुर्ची ठेवा एक, बिनहाताची. मांडी घालून आता बसवत नाही.