मांजरांच्या नसबंदीसाठी बडोद्यातच वर्गणी मागावी का?

वाघाची मावशी, वाडी

आम्ही सात-आठ जण बडोद्यात मांजरांचं काम करतो. जखमी मांजर उचलायचं, पिल्लांना घरं शोधायची, माद्यांची आणि बोक्यांची नसबंदी करून आणायची. नोंदणी नाही, जागा नाही. पिल्लं कुणाच्या बाथरूममध्ये, कुणाच्या गच्चीवरच्या खोलीत वाढतात. आजवर खिशातून भागवलं. आता दवाखान्यात उधारी एवढी झालीय की डॉक्टर काही बोलत नाहीत, पण कंपाउंडर आम्ही दिसलो की वही उघडी ठेवतो.

काही जणांचं म्हणणं, इंटरनेटवर मोहीम काढू, पिल्लांचे फोटो टाकू, देशभरातून पैसे येतील. मला ते पटत नाही. माझं मत, पैसे इथेच मागावेत. दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा, मांजलपूर. दुकानदार, सोसायट्या, गणेश मंडळं. महिन्याला 100 रुपये देणारी 50 घरं मिळाली तरी 5000 होतात. आणि हे पैसे फक्त नसबंदीला वापरायचे, दुसऱ्या कशालाही नाही.

फक्त नसबंदी का, तर मांजरीचे गाभणपणाचे दिवस 63 ते 65 असतात. मादी पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालं की तेच व्यायला तयार. आपण चार पिल्लांना घरं शोधेपर्यंत त्यांची आई पुन्हा गाभण. आणि इथेच मागायचे ते अशासाठी, की ऑपरेशन झालेल्या मांजरीच्या डाव्या कानाचं टोक कापतात. भूल असतानाच कापतात, दुखत नाही. ज्याने पैसे दिले त्याला त्याच्याच ओटल्यावर तो कान दिसतो. मुंबईच्या देणगीदाराला काय दिसणार, फोटोच.

मतं सांगा. विरोधही चालेल. फक्त "आधी माणसांचं बघा" एवढं लिहून पळू नका.

रावपुरेकर

पळत नाही, थांबून लिहितो. आधी माणसांचं बघा. सरकारी दवाखान्याच्या आवारात पेशंटचे नातेवाईक सतरंजी टाकून रात्र काढतात, त्यांना चहा द्यायला कुणी वर्गणी काढत नाही.

दुसरं, तुम्हाला वर्गणीची कल्पना आहे का? गणपतीची झाली की नवरात्राची, मग सोसायटीच्या लिफ्टची, मग कुणाच्या भंडाऱ्याची. वर्गणीचं पुस्तक दिसलं की लोक टीव्हीचा आवाज कमी करून गप्प बसतात. मी स्वतः मंडळात वीसेक वर्षं पावत्या फाडल्या आहेत. देवासाठी लोक 51 रुपये देताना घासाघीस करतात, मांजरासाठी 100 देतील? आणि तेही दर महिन्याला?

मांजलपूरचा बोका

काका, चहाची वर्गणी काढा, पहिले 500 माझे. पण ती निघत नाही यात मांजरांचा काय दोष?

मुद्दा असा आहे की बाकी सगळ्या जनावरांना या गावात कुणी ना कुणी वाली आहे. गाय पांजरापोळीत जाते. कुत्र्यांच्या नसबंदीचं काम महापालिकेकडे आहे. उत्तरायणात पतंगाच्या दोऱ्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी सरकारचं करुणा अभियान असतं. विश्वामित्रीतल्या मगरीला तर वनखातं आहे, कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, आणि तिला धरणाऱ्या पोरांचा पेपरात फोटोही येतो. 2024 च्या ऑगस्टच्या पुरात मगरी रस्त्यावर आल्या तेव्हा अख्खा देश बघत होता. त्याच पुरात पत्र्यावर अडकलेली मांजरं कुणी मोजली? 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन केला तर ॲम्ब्युलन्स जखमेवर मलमपट्टी करून जाते, चांगलं काम आहे, पण पुढचे पंधरा दिवस ते मांजर ठेवायचं कुठे?

हिशेबाची वही

मी सीए आहे, मांजरं पाळत नाही, ॲलर्जी आहे. पैशाबद्दल बोलतो.

आज तुम्ही पैसे कुठे घेता? कुणातरी एकीच्या फोनवरच्या क्यूआर कोडवर. हे बंद करा. तुमची नियत चांगली असेल, पण उद्या बँकेने विचारलं की खात्यात दर महिन्याला पन्नास अनोळखी लोक पैसे का टाकतात, तर ती मुलगी काय दाखवणार? आणि ग्रुपमध्ये भांडण झालं की पहिला आरोप हिशेबाचाच होतो.

धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास नोंदवा, बडोद्यातच कार्यालय आहे. मग पॅन, बँक खातं आणि आयकराच्या दोन नोंदण्या: न्यासाला करसवलत देणारी 12ए आणि देणगीदाराला वजावट देणारी 80जी. ही दोन आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळतात. पण 80जी मिळालं की देणग्यांचा पाऊस पडेल या भ्रमात राहू नका. नवीन करप्रणालीत सामान्य पगारदाराला ही वजावट मिळतच नाही, आणि 2023-24 पासून तीच प्रणाली आपोआप लागू आहे. 2000 रुपयांवरची रोख देणगी तर जुन्या प्रणालीतही वजावटीला चालत नाही. नोंदणी करायची ती करासाठी नाही, विश्वासासाठी.

कंपन्यांचं विचाराल तर प्राणिकल्याण हा विषय सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, यादीत आहे. पण तो कायदा 500 कोटींची नक्त मत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना लागू होतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला त्याचं बंधन नाही. आणि मोठी कंपनी तुमच्याकडे 12ए, 80जी, सीएसआर-1 ही सीएसआरचे पैसे घेण्यासाठीची नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा अनुभव मागेल. म्हणजे पहिली तीन वर्षं तुम्हाला गल्लीच पोसणार. त्यामुळे मावशींची दिशा बरोबर, घोडं फक्त कागदांवर अडलंय.

निजामपुऱ्याची सून

मला वेगळीच अडचण सांगायची आहे. आमच्या सोसायटीत एक शेठ आहेत, फार सज्जन माणूस. रोज सकाळी कबुतरांना दाणे, उन्हाळ्यात गायीसाठी पाण्याची कुंडी. मी मांजरांचं बोलले तर लगेच म्हणाले, वर्षाला 11,000 देतो. पण एक अट: आमच्या पैशातून मांसमच्छी यायला नको. दूध-पोळी घाला, खिचडी घाला.

आता काय करायचं? मांजराचं शरीर टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं तयार करत नाही, ते त्याला मांस-मासळीतूनच मिळतं. ते नसेल तर हळूहळू डोळे जातात, हृदय मोठं होऊन कमजोर पडतं. दुधाने तर बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात. हे मी शेठना सांगितलं, तर ते म्हणाले, "बेन, अमारे तो बिल्लीने दूध ज आपे छे." त्यांच्या घरामागे दूध पिऊन राहणारी मांजर आहे हे खरं. ती रात्री काय खाते ते त्यांना बघायचं नाही.

पैसे घेऊ की नको?

मांजलपूरचा बोका

घ्या! मावशींचा नियमच आहे की वर्गणी फक्त नसबंदीला. शेठचे पैसे ऑपरेशनला, मासळीचे पैसे आपले. त्यांचीही अट मोडत नाही.

दांडिया बाजारची पोर

नाही बोका, ही चलाखी झाली. शेठचे 11,000 ऑपरेशनला गेले म्हणून आपले 11,000 मोकळे झाले आणि ते मासळीला गेले. पैसा एकच आहे. ज्याची श्रद्धा आहे त्याला तोंडावर सांगायला हवं की आमच्याकडे मांजरं उकडलेलं चिकन खातात, तुमचे पैसे त्यात जाणार नाहीत, पण ती खातात. मग त्यांनी ठरवावं. मी या कामात तीन वर्षं आहे आणि माझा अनुभव असा की सांगितल्यावर निम्मे लोक मागे हटतात. पण उरलेले निम्मे पुन्हा कधी प्रश्न विचारत नाहीत.

आणि मला मुळात "फक्त नसबंदी" हेच मान्य नाही. मी पिल्लांना रात्री दर दोन-तीन तासांनी बाटलीने पाजते. पावडरचा एक डबा किती दिवस पुरतो माहीत आहे? त्याला वर्गणीतून पैसा नाही, आणि ज्या मांजरीला मी बघितलंही नाही तिच्या ऑपरेशनला आहे? पिल्लं वाचवणारे लोक रिकाम्या खिशाने किती दिवस टिकतील?

वाघाची मावशी, वाडी

पोरी, तुझा राग कळतो. पण तुझ्या बाथरूममधली निम्मी पिल्लं अनाथ नसतातच. मांजर पिल्लांना लपवून शिकारीला जाते, तीन-चार तास येत नाही. तेवढ्यात कुणी मुलगा पिल्लं खोक्यात घालून आपल्या दारात आणून ठेवतो आणि पुण्य कमावून जातो. पिल्लं अंगाला गरम असतील, पोट भरलेलं असेल तर ती जागेवर ठेवून लांबून बघायचं असतं. हे सांगणारा कागद गल्लीगल्लीत लावला तर पावडरचे अर्धे डबे वाचतील.

शेठच्या बाबतीत मात्र तू म्हणतेस तेच बरोबर. बोका, आपण तोंडावरच सांगू.

जुना बडोदेकर

माझा विरोध पैशाला नाही, कामालाच आहे. नसबंदी ही जीवदया कशी? मुक्या जिवाला पकडायचं, कापायचं, कान छाटायचा, आणि त्याला सेवा म्हणायचं. निसर्ग आपला समतोल आपण राखतो. आमच्या लहानपणी वाड्यात मांजरी असायच्या, सात घरं पिल्लं फिरवायच्या, कुणी दवाखान्यात नेत नव्हतं. त्यापेक्षा गावाबाहेर एक जागा घ्या, मांजरांसाठी पांजरापोळ काढा. जमिनीसाठी मी स्वतः शब्द टाकीन.

वाघाची मावशी, वाडी

आजोबा, जमिनीची गोष्ट काढलीत म्हणून मनापासून आभार, पण मांजरांची पांजरापोळ चालत नाही. गायी एकत्र राहतात. पन्नास मांजरं एका जागी कोंडली की तणावानेच आजारी पडतात. त्यात पॅनल्यूकोपेनिया नावाचा रोग आहे, कुत्र्यांना पार्व्हो होतो तसा मांजरांचा जीवघेणा विषाणूरोग म्हणा. एक पिल्लू घेऊन आलं की बाकीची चार दिवसांत जातात, आणि विषाणू त्या फरशीवर वर्षभरही टिकू शकतो. साधं साबणपाणी त्याला पुरत नाही, ब्लीच लागतं. लोक प्रेमाने फिनेल ओततात, आणि फिनेल मांजराला विषारी. तुमच्या वाड्यातल्या सात घरं फिरणाऱ्या पिल्लांपैकी मोठी किती व्हायची, हेही आठवून बघा. निसर्गाचा समतोल म्हणजे तेच.

हातीखाना

आमची धान्याची पेढी आहे. आमच्या लाइनीत प्रत्येकाकडे मांजर आहे, उंदरांसाठी. तुम्ही व्यापाऱ्यांकडे आलात तर पहिला प्रश्न हा येईल की ऑपरेशननंतर मांजर उंदीर धरते का, का नुसती लोळते?

मांजलपूरचा बोका

धरते. शिकार ही पोरं होण्यावर अवलंबून नाही. उलट मादी गुदामातच राहते, बोक्यांच्या मागे किंवा पिल्लांच्या मागे फिरत नाही. आणि बोका लहान वयात करून घेतलात तर तो पोत्यांवर मुतणं बहुतेक थांबवतो. त्या वासाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

खरं तर सोसायट्यांनाही हेच विकायला हवं. मांजरांचं प्रेम कुणाला विकू नका. झोप विका. रात्री दोन वाजता बोके भांडतात, जिन्यात वास येतो, पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर पिल्लं होतात. यातलं निम्मं ऑपरेशनने कमी होतं. मांजर आवडत नाही तो माणूस आपला पहिला वर्गणीदार.

निजामपुऱ्याची सून

हे पटलं. आमच्या चेअरमनना मांजरांचा तिटकारा आहे, उद्याच पकडते. आणि दत्तक देताना पैसे घ्यायचे का? दुसऱ्या एका ग्रुपमध्ये डिपॉझिट घेतात, नसबंदीचा कागद दाखवला की परत.

दांडिया बाजारची पोर

डिपॉझिट मागितलं की लोक रस्त्यावरचं पिल्लू फुकट उचलतात. मी मागत नाही. मी बाल्कनीला जाळी आहे का ते बघायला घरी जाते, चहा पिते आणि जाळी नसेल तर पिल्लू पिशवीत घालून परत आणते.

हिशेबाची वही

डिपॉझिट घेतलंत तर ते उत्पन्न नाही, देणं आहे. वेगळं लिहा. शेठचे 11,000 सुद्धा वेगळ्या पानावर. दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेब गल्लीतल्या फळ्यावर लावा: कुठली मांजर, कुठला दवाखाना, किती रुपये. न्यासाचे कागद मी करून देतो, फी नको. फक्त भेटायला येताना कपड्यांना केस नसावेत.

रावपुरेकर

एवढं सगळं वाचलं. मत बदललेलं नाही. वर्गणी हा प्रकार लोकांना नकोसा झालाय, आणि गणपतीच्या आधी आमच्या गल्लीत पुस्तक घेऊन आलात तर मी स्वतः विरोध करीन. दिवाळीनंतर या, तेही नोंदणीचा कागद घेऊन.

मात्र आमच्याकडे एक काळा बोका आहे. रोज रात्री दोनच्या सुमाराला माझ्या खिडकीखाली बोंबलतो. त्याच्या एकट्याचे काय पैसे होतील ते मी देतो. वर्गणी म्हणून नाही.

वाघाची मावशी, वाडी

चालेल काका. पिंजरा शुक्रवारी मोकळा होतोय, संध्याकाळी लावू. फक्त आदल्या रात्रीपासून त्याला कुणी काही खायला घालू नका. पोट भरलेला बोका पिंजऱ्यात शिरत नाही, आणि भूल द्यायलाही उपाशी लागतो.

रावपुरेकर

मी कशाला घालीन? समोरच्या वहिनी घालतात, बशी भरून. त्यांना तुम्हीच येऊन सांगा.