उ: कर्नल अपग्रेडनंतर एनएफएसवरचं वाचन मंदावलं

कर्नल अपग्रेड केल्यापासून एनएफएसवरून (नेटवर्कवरच्या सर्व्हरच्या फाइल्स आपल्याच मशीनवर असल्यासारख्या वापरायची सोय) वाचन मंदावलं असं तुम्ही विचारलंय. वरच्या प्रतिसादात आरसाइझ (एका रीड विनंतीत जास्तीत जास्त किती डेटा मागायचा ती मर्यादा) वाढवून बघा असं सुचवलंय, पण तुमचा आरसाइझ आधीच १ एमबी आहे. मला संशय रीड-अहेडचा, म्हणजे पुढचा डेटा मागण्याआधीच किती वाचून ठेवायचा त्या मर्यादेचा वाटतो.

लिनक्स कर्नल ५.४ च्या आधी एनएफएस क्लायंट रीड-अहेड स्वतः ठरवायचा, आरसाइझच्या १५ पट. म्हणजे तुमच्याकडे १५ एमबी. ५.४ पासून तो सरसकट १२८ केबी झाला. मग आरसाइझ १ एमबी असूनही मोठी फाइल सलग वाचताना तेवढ्या मोठ्या रीड विनंत्या सहसा निघतच नाहीत, आणि लेटन्सी (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त असेल तर फटका लगेच जाणवतो.

'माउंटपॉइंट' कमांडला डॅश-डी देऊन माउंटचा (जोडलेल्या एनएफएस डिरेक्टरीचा) मेजर-मायनर क्रमांक, म्हणजे कर्नल तिला ओळखतो तो आकड्यांचा जोड, काढा. सिसएफएसमध्ये (कर्नलच्या सेटिंग्ज दाखवणारी /sys डिरेक्टरी) क्लास, मग बीडीआय, त्याखाली त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीत रीड-अहेडची केबीमधली किंमत दिसेल. आधी ४०९६ करून बघा, थेट १५ एमबीवर जाऊ नका. मोजण्याआधी क्लायंटची पेज कॅश (आधी वाचलेला, मेमरीत ठेवलेला डेटा) रिकामी करा, नाहीतर आकडे फसवे येतील. एनएफएस-आयओस्टॅटमध्ये (एनएफएसच्या वाचन-लेखनाचे आकडे दाखवणारी कमांड) दर विनंतीमागचे केबी वाढले की समजा निदान बरोबर आहे.

पुन्हा माउंट केलं की ही किंमत जाते. कायमची हवी तर एनएफएस-युटिल्स या एनएफएसच्या साधनांच्या पॅकेजच्या नव्या आवृत्त्यांतलं एनएफएस-आर-अहेड वापरा, ते यूडेव्हमार्फत (उपकरणं जोडली की ठरलेले नियम चालवणारी लिनक्सची सेवा) माउंट होतानाच किंमत लावतं.

त्याच सर्व्हरवर डेटाबेसही आहे म्हणालात, त्या माउंटला मात्र हात लावू नका. तिथे वाचन विखुरलेलं असतं, नको ते ब्लॉक ओढून नेटवर्क आणि मेमरी दोन्ही वाया जातील.