मदत हवी आहे: १२.९ ग्रेडच्या (खूप कडक) बोल्टला सेफ्टी वायरचं होल कसं पाडू?

कुपवाड एमआयडीसीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये दोन सीटचं होमबिल्ट विमान बनवतोय. एम८, १२.९ ग्रेडच्या ॲलन बोल्टच्या डोक्यात ०.८ मिमी सेफ्टी वायरसाठी (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधतात ती तार) १.५ मिमीचं आडवं होल हवंय. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल नुसतं घासतं, टोक निळं पडतं. कोबाल्टचं ड्रिल आत जातं पण ॲलन कीच्या खाचेत बाहेर पडताना कट्कन तुटतं आणि तुकडा आतच अडकतो, बोल्ट गेलाच. व्ही-ब्लॉक, सेंटर ड्रिल, कटिंग ऑइल सगळं वापरून झालंय. गरम करून नरम करा म्हणू नका प्लीज, ताकदच जाते त्याची. होलवाले एएन बोल्ट (विमानाचे स्टँडर्ड बोल्ट) इंची येतात, आमचे आटे मेट्रिक.

सॉलिड कार्बाइडचं ड्रिल घेतलं तर बेंच ड्रिलवर आरपीएम किती ठेवू, की सरळ स्पार्क मशीनवर (ईडीएम, विजेच्या ठिणगीने होल पाडतं ते) करून घेऊ, आणि स्पार्कने होलच्या आत जो कडक थर राहतो तिथून पुढे क्रॅक जायची भीती असते का?